सांधा आणि ताण : छत्रपती संभाजीनगरच्या बहुविध समाजाचा आढावा

बहुविध समाज एकत्र कशाने टिकतो, हा प्रश्न दोन पातळ्यांवर विचारावा लागतो. वेगवेगळ्या जातींची, धर्मांची आणि भाषांची माणसे एका गावात राहतात, एका बाजारात सौदा करतात आणि मोठे भांडण न होता वर्षे निघून जातात, ही पहिली पातळी. अन्यायाची तक्रार उभी राहिली, सरकारी वाट्यावरून तंटा पेटला किंवा अफवा पसरली, तरी हीच माणसे एकमेकांचे म्हणणे ऐकून घेतात आणि हाणामारीशिवाय मार्ग काढतात, ही दुसरी. पहिली पातळी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडलेली आहे. दुसरी कष्टाने कमवावी लागते आणि ती फार थोड्या ठिकाणी कमावलेली दिसते.

हा प्रश्न तपासायला मराठवाड्याचे मुख्य शहर छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, सोयीचे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार औरंगाबाद महापालिका हद्दीत पावणेबारा लाख लोक राहत होते. त्यांत सुमारे ५१ टक्के हिंदू, ३१ टक्के मुस्लिम, १५ टक्के बौद्ध आणि दीड टक्क्याहून थोडे अधिक जैन होते. तीन मोठे समाज इतक्या भरीव संख्येने एकत्र असलेली शहरे महाराष्ट्रात कमीच. येथे कोणत्याही एका गटाला बाकीच्यांना वगळून शहर चालवता येत नाही. तसा प्रयत्न झाला की त्याची झळ सगळ्यांनाच बसते.

या शहराचे सार्वजनिक आयुष्य पाहायचे तर क्रांती चौकात उभे राहावे. जालना रोडवरच्या या चौकात काळा चबुतरा आहे. जून १८५७ मध्ये हैदराबाद कंटिंजंटच्या पहिल्या घोडदळाने येथील छावणीत बंड केले, ते मोडायला पुण्याकडून जनरल वुडबर्नची फौज आली आणि पकडलेल्या शिपायांना या ठिकाणी देहदंड देण्यात आला. कोणाला गोळ्या घातल्या, कोणाला तोफेच्या तोंडी दिले. चौकाचे आजचे नाव त्या स्मृतीतून आले. जवळच छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. जुन्याच्या जागी उभारलेल्या नव्या, उंच पुतळ्याचे अनावरण फेब्रुवारी २०२२ मध्ये झाले. शिवजयंतीची गर्दी येथे होते, आंबेडकर जयंतीची होते, कामगारांची निदर्शने, विद्यार्थ्यांचे धरणे आणि पाण्यासाठीचे मोर्चेही येथेच होतात. शहरातल्या प्रत्येक गटाला आपले म्हणणे मांडायला हाच चौक लागतो, ही साधी वाटणारी गोष्ट पुढच्या विवेचनात महत्त्वाची आहे.

शहराची बहुविधता कोणी ठरवून आणली नाही, ती थरांनी साचली. १६१० मध्ये खडकी वसवणारा मलिक अंबर मूळचा इथिओपियातला. गुलाम म्हणून विकला गेला, दख्खनेत आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभारी झाला. त्याच्या मुलाने गावाचे नाव फतेहनगर केले आणि १६५३ मध्ये, दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आलेल्या औरंगजेबाने औरंगाबाद केले. मोगली फौजेबरोबर राजपूत सरदार आले. कर्णपुरा, पदमपुरा, जयसिंगपुरा, भावसिंगपुरा या वस्त्यांना त्यांचीच नावे आहेत. त्याच शहरात वली दखनी आणि सिराज औरंगाबादी यांची शायरी घडली. हैदराबादच्या पहिल्या निजामाने १७२४ नंतर येथूनच कारभार केला. पुढे राजधानी हैदराबादला गेली, तरी १९४८ पर्यंत शहर निजामाच्या राज्यात राहिले. वेरूळची बौद्ध, हिंदू आणि जैन लेणी तीसेक किलोमीटरवर, तर पैठण पन्नासेक किलोमीटरवर.

अशा प्रदेशात जोडणाऱ्या गोष्टींचा विषय निघाला की पहिला उल्लेख संत आणि सूफींचा होतो. तो खराच आहे. पैठणच्या एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर मुसलमान राजवटीत अधिकारी होते आणि त्यांचे गुरू चांद बोधले यांना परंपरा सूफी मानते. एकनाथांनी 'हिंदू-तुर्क संवाद' लिहिला तो कोणाला गोंजारण्यासाठी नव्हे. त्यातले दोघे एकमेकांच्या धर्मातल्या विसंगतींवर तुटून पडतात, चांगले वर्मी बोलतात आणि वाद पुरा झाल्यावर एकमेकांना भेटतात. मतभेद दडपून केलेला सलोखा एकनाथांना पुरेसा वाटला नव्हता, हे सोळाव्या शतकातले भान आजही फार लोकांना नाही. खुलताबादमध्ये एकीकडे जर-जरी-जर-बक्ष यांचा उरूस आणि दुसरीकडे भद्रा मारुती. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री शहरातून हजारो माणसे पायी खुलताबादला निघतात. उरुसात हिंदूही जातात. गावाची दुकानदारी, टांगे-रिक्षा, फुले-प्रसाद, सगळे दोन्ही यात्रांवर चालते.

या सामायिक श्रद्धेचे मोल मोठे आहे, पण तिची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. उरुसात खांद्याला खांदा लावून उभी राहणारी माणसे एकमेकांच्या घरी सोयरिक करत नाहीत, एकमेकांना घर भाड्याने देताना कचरतात, आणि तणावाच्या दिवसांत आपापल्या मोहल्ल्याचे दार लावून घेतात. शिवाय या सलोख्याला जातीची पायरी कधी ओलांडता आली नाही. एकनाथांनी अस्पृश्याच्या घरी भोजन केल्याची कथा आदराने सांगितली जाते, आणि त्याच पैठणच्या परिसरात अस्पृश्यांचे पाणवठे विसाव्या शतकापर्यंत वेगळे राहिले.

समाजशास्त्रात या प्रश्नाची उत्तरे बरीच आहेत. एमिल दुर्खीमने १८९३ मध्ये मांडले की जुने समाज सारखेपणामुळे एकत्र राहतात आणि आधुनिक समाज कामाच्या वाटणीमुळे. प्रत्येकाला दुसऱ्याची गरज लागते म्हणून. गॉर्डन ऑलपोर्टने १९५४ मध्ये संपर्काची अट घातली: माणसे नुसती एकमेकांसमोर येऊन पूर्वग्रह जात नाहीत, दर्जा समान हवा, काम सामायिक हवे आणि वरच्या सत्तेचा त्याला पाठिंबा हवा. आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ च्या ग्रंथात भारतातल्या सहा शहरांची जोड्या लावून तुलना केली. कालिकत शांत का आणि अलीगढ वारंवार का पेटते, याचे त्यांचे उत्तर असे की रोजची शेजारधर्माची ऊठबस खेड्यात पुरते, शहरात पुरत नाही. शहरात दोन्ही समाजांचे लोक सभासद असलेल्या संघटना लागतात. व्यापारी मंडळे, कामगार संघटना, वाचनालये, पक्षांच्या शाखा. दंगलीचा फायदा घेऊ पाहणाऱ्यांना अशा संघटनांतली माणसे आड येतात, कारण दंगलीत त्यांचे स्वतःचे नुकसान असते.

महाराष्ट्रात याचा पडताळा भिवंडीत आला. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी ते यंत्रमागांचे गाव पोळून निघाले होते. १९८८ च्या सुमारास पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी प्रत्येक भागात मोहल्ला समित्या बांधल्या. त्यांत हिंदू-मुस्लिम दोघे, आणि पुढाऱ्यांपेक्षा रोज त्या गल्लीत राहणारी माणसे जास्त. बैठकांत धर्माचे फारसे बोलणे नसे; नळ, गटार, भोंगा, वाहने, पोरांची भांडणे हेच विषय. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. पोलीस अधिकाऱ्याने लावलेली घडी बदलीनंतर किती टिकते ही शंका रास्तच आहे, पण उपाय काय होता ते यातून कळते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न अधिक मुळाशी नेला. १९३६ च्या 'जातिसंहारा'पासून २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणापर्यंत त्यांचे सांगणे एकच होते: समता नसेल तर बंधुता टिकत नाही, आणि बंधुतेवाचून समता व स्वातंत्र्य वरवरचे राहतात. गावगाड्यानेही माणसे एकत्र ठेवली होती. बलुतेदारीत प्रत्येकाला प्रत्येकाची गरज होती, दुर्खीमच्या अर्थाने ती कामाची वाटणीच होती. पण त्या एकत्र असण्याची किंमत कोणी मोजली हे पाहिले की समाज टिकला म्हणजे बरे चालले होते, असे म्हणता येत नाही. मराठवाड्याचा अलीकडचा इतिहास वाचताना हा निकष हाताशी ठेवावा लागतो.

निजामी राजवटीत बहुसंख्य प्रजा मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलत होती, तर कारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९३८ मध्ये वंदे मातरम्‌वरून औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातले विद्यार्थी रस्त्यावर आले. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील लढा, रझाकारांचे अत्याचार आणि १७ सप्टेंबर १९४८ ची मुक्ती हा भाग मराठवाड्यातल्या प्रत्येक शाळेत शिकवला जातो. त्यानंतरच्या आठवड्यांत जे घडले ते मात्र शिकवले जात नाही. पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थानच्या काही जिल्ह्यांत मुसलमानांची मोठी हत्या झाली. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड यांची नावे दिली आणि मृतांचा आकडा, कमीत कमी धरून, २७ ते ४० हजार सांगितला. तो अहवाल दशकानुदशके दडलेला राहिला. एकाच घटनेच्या दोन आठवणी दोन समाजांत स्वतंत्रपणे जपल्या गेल्या. एकीला शासकीय ध्वजारोहण मिळाले, दुसरी घराघरांत कुजबुजीने चालली. दोन्ही आठवणी खऱ्या आहेत, आणि दोन्ही एका पुस्तकात येईपर्यंत मराठवाड्याचा इतिहास अर्धाच राहणार.

याच काळात शहरात एक वेगळी पायाभरणी चालू होती. मराठवाड्यात तेव्हा विद्यापीठ नव्हते. पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे. १९५० मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. नाव दिले मिलिंद, परिसराला नागसेनवन. ग्रीक वंशाचा राजा आणि बौद्ध भिक्खू यांच्या प्रश्नोत्तरांतून आलेली ही नावे आहेत. परका प्रश्न विचारतो, उत्तर पटले तर स्वीकारतो. खेड्यातल्या महारवाड्यांतून आलेली मुले, शहरातल्या ब्राह्मण-मराठा घरांतली मुले आणि मुस्लिम विद्यार्थी येथे एका बाकावर बसले. ऑलपोर्टच्या अटी पुस्तकात येण्याआधी नागसेनवनात त्या पाळल्या जात होत्या. दलित साहित्याची चळवळ येथेच वाढली, गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' नियतकालिक येथूनच निघाले. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ झाले. १९६३ मध्ये डॉ. रफिक झकेरिया यांच्या पुढाकाराने मौलाना आझाद महाविद्यालय निघाले. सरस्वती भुवन आणि देवगिरी महाविद्यालय होतेच. शिक्षणसंस्थांनी शहराला जोडले तितके दुसऱ्या कशानेच जोडले नाही.

आणि सर्वांत मोठा तडाही शिक्षणसंस्थेच्याच नावावरून गेला. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव द्यावे, असा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी केला. त्याच दिवसापासून मराठवाड्यातल्या शेकडो गावांत दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरे जाळली, विहिरी नासवल्या, माणसे गाव सोडून पळाली. पोचिराम कांबळे आणि जनार्दन मवाडे यांच्यासारख्यांचे प्राण गेले. वरवर पाहता हा नावाचा वाद होता. विरोधकांमध्ये निजामाविरुद्ध लढलेले, नि:स्पृह म्हणून ओळखले जाणारे लोकही होते आणि मराठवाडा या नावाची अस्मिता हा त्यांचा मुद्दा होता. पण खेड्यात पेटलेली आग विद्यापीठाच्या पाटीसाठी पेटली, असे मानणे कठीण आहे. ज्या गावांत पदवी घेतलेला एकही माणूस नव्हता तेथेही झोपड्या जळल्या. दलितांनी महारकी सोडली होती, मेलेली जनावरे ओढणे बंद केले होते, त्यांची पोरे शिकून नोकरीला लागत होती. गावगाड्यातली पायरी मोडत होती, त्याचा राग ठरावाच्या निमित्ताने बाहेर आला. दलितांच्या बाजूने उभे राहिलेले सवर्ण कार्यकर्तेही होते. एस. एम. जोशींसारख्या ज्येष्ठाला त्यासाठी मराठवाड्यात अपमान सोसावा लागला.

नामांतराला सोळा वर्षे लागली. नोव्हेंबर १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून निघालेला लाँग मार्च, तुरुंगवास, आत्मदहने, आणि अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा नामविस्तार. दोन्ही नावे ठेवून तोडगा काढला गेला. ती तडजोड कोणालाच पूर्ण समाधान देणारी नव्हती, पण टिकली. आज १४ जानेवारीला विद्यापीठाच्या दारासमोर लाखाच्या घरात लोक जमतात. सकाळपासून पुस्तकांच्या दुकानांपुढे गर्दी असते. बाया नातवंडांना घेऊन कमानीसमोर फोटो काढतात, खेड्यावरून आलेला माणूस पिशवीत पाच-सहा पुस्तके घालून परततो. ज्या नावासाठी घरे जळली, ते आज कोणत्याही जातीचा विद्यार्थी आपल्या पदवीवर मिरवतो. समाज सांधला जाण्याला वेळ लागतो आणि अन्याय झालेल्याची मागणी पुरी झाल्याशिवाय तो सांधत नाही, हे यातून दिसते.

शहराच्या नावाचा वाद वेगळ्या वळणाने गेला. १९८२ मध्ये महापालिका झाली, १९८८ मध्ये पहिली निवडणूक. त्या वर्षी ८ मे रोजी बाळासाहेब ठाकरे यांनी मराठवाडा सांस्कृतिक मंडळाच्या मैदानावरच्या सभेत शहराला संभाजीनगर म्हटले, आणि त्याच महिन्यात शहरात दंगलही झाली. १९९५ मध्ये महापालिकेने नामांतराचा ठराव केला, प्रकरण न्यायालयात गेले, २००१ मध्ये सरकारने प्रस्ताव मागे घेतला. जून-जुलै २०२२ मध्ये आधी ठाकरे आणि मग शिंदे मंत्रिमंडळाने निर्णय घेतले, फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी आली आणि मे २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने आव्हान फेटाळले. १६८९ मध्ये औरंगजेबाने ज्यांची हत्या केली त्या संभाजीराजांचे नाव शहराला असावे, ही भावना मराठी मनात खोल आहे. तिला केवळ निवडणुकीचे राजकारण म्हणून बाजूला सारणे चूक ठरेल. दुसऱ्या बाजूला, शहरातल्या अनेक मुसलमानांना औरंगाबाद हे नाव औरंगजेबाचे कौतुक म्हणून नको होते. वलीपासून आजोबांच्या रेशनकार्डापर्यंत तीच त्यांची ओळख होती. या दोन भावनांची समोरासमोर बैठक मात्र चौतीस वर्षांत कधी झाली नाही. वाद सभा, पाट्या, ठराव आणि याचिका यांतूनच चालला. विद्यापीठाच्या बाबतीत निघाला तसा मधला तोडगा येथे कोणी शोधलाही नाही, आणि ही या शहराच्या पुढाऱ्यांची, सर्व पक्षांच्या, मोठी उणीव मानावी लागेल.

प्रतीकांवरचे ताण डोळ्यांत भरतात. टंचाईचे ताण तितके दिसत नाहीत, पण रोजचे असतात. मलिक अंबरने डोंगराकडचे पाणी भुयारी नहरीने आणि भाजलेल्या मातीच्या नळांनी शहरात खेळवले होते. पाणचक्कीही अशाच नहरीच्या पाण्यावर फिरे. आज शहराला पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून उपसून आणावे लागते, आणि धरण हाताशी असूनही कित्येक भागांत नळाला पाच-पाच, आठ-आठ दिवसांनी पाणी येते. १,६८० कोटींच्या नव्या योजनेचे भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झाले आणि तिचा खर्च पुढे वाढत गेला. टँकर गल्लीत शिरला की आधी कोणाचा ड्रम भरायचा यावरून बाचाबाची होते. मिश्र वस्तीत तीच बाचाबाची 'त्यांचा' आणि 'आमचा' टँकर अशी होते. ११ मे २०१८ च्या रात्री मोतीकारंजा, राजाबाजार, शहागंज भागांत दंगल पेटली. दोघांचा जीव गेला, दुकाने जळाली. तिच्यामागच्या कारणांत अनधिकृत नळजोडण्या तोडण्यावरून झालेला तंटा होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत नारेगावच्या लोकांनी शहराचा कचरा गावात टाकू देणे बंद केले. कचऱ्याच्या गाड्या मिटमिट्याकडे वळल्या तेव्हा तेथे दगडफेक झाली, पोलिसांच्या गाड्या जळाल्या. त्या भांडणात धर्म नव्हता, पण शहर कशाने ताणले जाते हे त्यातही कळले. सोयी पुरेशा असतील तर वाटणीवरून भांडण होत नाही. त्या अपुऱ्या पडल्या की वाटणी गटांच्या नावाने होऊ लागते.

पाणी आणि कचरा यांवर बोलायची जागा महापालिकेचे सभागृह. तेथे शिवसेना, भाजप, काँग्रेस, एमआयएम आणि रिपब्लिकन गटांचे नगरसेवक एकमेकांवर ओरडत, पण वॉर्डासाठी निधी मिळवायला एकमेकांची मतेही मागत. एप्रिल २०२० मध्ये मुदत संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ निवडणूक झाली नाही. कारभार प्रशासकाकडे राहिला. कार्यक्षमतेचा हिशोब काहीही असो, वेगवेगळ्या समाजांच्या निवडून आलेल्या माणसांना एका टेबलाशी बसवणारी शहरातली एकमेव सक्तीची जागा या काळात बंद होती. शहराच्या नामांतराचा निर्णय, पुढे येणारा किराडपुऱ्यातला हिंसाचार आणि आरक्षणाची आंदोलने, सगळे याच वर्षांत झाले.

वस्त्यांचा प्रश्नही याला जोडूनच येतो. १९७० च्या दशकात सिडकोने शहराच्या पूर्वेला नवी वसाहत वसवली, पुढे हडको आली. नोकरदार हिंदू कुटुंबे जुन्या शहरातून तिकडे सरकली. जुन्या शहरात मुस्लिम वस्ती दाट झाली. बौद्ध वस्त्या भीमनगर, भावसिंगपुरा अशा भागांत एकवटल्या. प्रत्येक दंगलीनंतर मिश्र गल्लीतली दोन-चार घरे विकली जातात आणि विकत घेणारा बहुधा त्या गल्लीत बहुसंख्य असलेल्या समाजाचाच असतो. मग शाळा वेगळ्या होतात, क्रिकेटचे संघ वेगळे होतात. गुलमंडी आणि शहागंजच्या बाजारांत गिऱ्हाईक-दुकानदार म्हणून भेट होते ती तेवढी राहते.

कारखान्यांनी ही फाळणी काही अंशी भरून काढली. चिकलठाणा, मग १९८० च्या दशकात बजाज ऑटोबरोबर वाढलेले वाळूज, नंतर शेंद्रा. एकाच पाळीत वेगवेगळ्या जातिधर्मांची मुले यंत्रावर उभी राहिली, एकाच युनियनमध्ये पगारवाढीसाठी भांडली. जुन्या काळी हिमरूच्या मागावर विणकर, रंगारी आणि व्यापारी यांची अशीच साखळी होती. तो धंदा आता मोजक्या मागांवर उरला आहे. कारखान्यातली साखळी कंत्राटी पद्धतीने ढिली केली. कायम कामगार कमी झाले, ठेकेदार आपल्या ओळखीची मुले आणतो, आणि वर्षभरात ती दुसरीकडे जातात. तेवढ्यात मैत्री होत नाही, संघटना तर नाहीच.

क्रांती चौकातल्या एका तारखेवरून ही ढिलाई स्पष्ट होते. ९ ऑगस्ट २०१६ रोजी मराठा समाजाचा पहिला मूक मोर्चा याच चौकातून निघाला. कोपर्डीतल्या मुलीवरच्या अत्याचाराने समाज हादरला होता. शेतीची दुर्दशा आणि आरक्षणाची मागणी त्यामागे होतीच. लाखो माणसे, पुढे मुली, मागे महिला, पुढाऱ्यांची भाषणे नाहीत, घोषणा नाहीत, मोर्चा संपल्यावर स्वयंसेवक रस्ता झाडतात. पुढे राज्यभर असे मोर्चे निघाले. ॲट्रॉसिटी कायद्यात बदलाच्या मागणीने दलित समाज धास्तावला, त्यानेही आपले मोर्चे काढले, तेही मोठे आणि शिस्तीचे. दोन मोठे समाज परस्परविरोधी मागण्या घेऊन रस्त्यावर येतात आणि काच फुटत नाही, हे बहुविध समाजाच्या प्रौढपणाचे दुर्मीळ उदाहरण आहे. पण दोन वर्षांनी, २३ जुलै २०१८ रोजी कायगाव टोक्याला गोदावरीत उडी घेऊन एका तरुण आंदोलकाने जीव दिला, आणि ९ ऑगस्टच्याच दिवशी राज्यव्यापी बंदमध्ये वाळूजच्या अनेक कंपन्यांची तोडफोड झाली. जे ऐकले जाईल असे वाटले होते ते ऐकले गेले नाही, आणि कारखाना आपला वाटावा अशी नोकरीही हाती नव्हती. पुढे मराठा आरक्षणाचा २०१८ चा कायदा मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. सप्टेंबर २०२३ मध्ये जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीतल्या लाठीमारानंतर आंदोलन पुन्हा पेटले आणि मराठा-ओबीसी दुरावा मराठवाड्याच्या गावागावांत पोहोचला. बीडसारख्या जिल्ह्यात दुकानात जातानाही जात पाहिली जाऊ लागली. नोकऱ्या वाढत नसताना त्यांची वाटणी कितीही न्यायाने केली तरी कोणाचा तरी घास कमी होतो, आणि तो रोष शेजाऱ्यावर निघतो.

अफवा आणि मोबाईल यांनी हे सगळे ताण वेगवान केले. २९ मार्च २०२३ च्या रात्री, रामनवमीच्या आदल्या दिवशी, किराडपुऱ्यातल्या राममंदिराजवळ तरुणांच्या दोन गटांत वाद झाला आणि पोलिसांच्या गाड्या पेटवण्यात आल्या. एकाचा मृत्यू झाला. मंदिर सुरक्षित राहिले, दुसऱ्या दिवशी तेथे रामजन्म झाला. मार्च २०२५ मध्ये औरंगजेबाची खुलताबादची कबर हटवण्याच्या मागणीवरून, धर्मवचने असलेले कापड जाळल्याच्या अफवेने नागपूरमध्ये हिंसाचार झाला आणि एकाचा जीव गेला. ज्या खुलताबादेत ती कबर आहे, तेथे दगड उडाला नाही. जेथे दोन यात्रांवर गावाचे पोट चालते तेथे अफवेला जागा कमी असते. याचे दुसरे उदाहरण २९ जून २०२३ चे. त्या दिवशी आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकत्र आली, तेव्हा राज्यातल्या अनेक गावांत मुस्लिमांनी आपणहून कुर्बानी पुढच्या दिवसावर ढकलली. कोणी हुकूम काढला नव्हता. गावातल्या जाणत्यांनी बसून ठरवले होते.

या शहरापुरता निष्कर्ष काढायचा तर तो असा. श्रद्धेची आणि बाजाराची देवाणघेवाण पाया म्हणून हवीच, पण शहर तोलून धरण्याचे काम समान दर्जाने बसवणाऱ्या संस्थांनीच केले: नागसेनवनातले वर्ग, विद्यापीठ, एके काळच्या कामगार संघटना, महापालिकेचे सभागृह. शहर ताणले गेले ते मुख्यतः तीन वेळा: खालच्या पायरीवरच्यांनी वर येऊ पाहिले तेव्हा, पाणी आणि नोकऱ्या अपुऱ्या पडल्या तेव्हा, आणि प्रतीकांचे निर्णय दुसऱ्या बाजूला न विचारता झाले तेव्हा. यांपैकी पहिला ताण टाळण्याजोगा नाही आणि टाळूही नये. तो न्यायाचा आहे. उरलेले दोन मात्र कारभाराचे दोष आहेत आणि कारभाराने दूर होण्यासारखे आहेत. नळाला दररोज पाणी, मिश्र वस्तीत मिश्र शाळा, वेळेवर निवडणुका आणि प्रत्येक पोलीस ठाण्याच्या हद्दीत भिवंडीसारखी चालती समिती, एवढ्या गोष्टी या शहरासाठी आधी करायला हव्यात.